कंट्रोलर आबांचा धुळ्याचा डाव

डाव कुणाचाही असो, कंट्रोलर आबा पाहायला आले की हरणाऱ्याच्या मागे जाऊन उभे राहत. जिंकणाऱ्याकडे गर्दी असे आणि हरणाऱ्याच्या खांद्यामागे एकटे आबा, हात पाठीमागे बांधलेले, खाकी शर्टाच्या खिशात शिट्टी. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "जिकणाऱ्याले बठ्ठं सोपंच दिसतं, सर. पट खरा कसा शे, ते हारणाऱ्याकून दिसतं."

आबा चोपड्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. चौकशीच्या खिडकीत माइक, भिंतीवर वेळापत्रक आणि टेबलाच्या खणात बुद्धिबळाचा पट. खण अर्धा उघडा ठेवून ते खेळत. खिडकीबाहेरून एखादा ड्रायव्हर चाल सांगे, आबा आतून मोहरं सरकवत. "शिरपूर गाडी फलाट दोनवर लागली आहे," असं माइकवर म्हणून झालं की माइक बंद करून त्याच सुरात ड्रायव्हरला सांगत, "पळ आता, अन् तुना घोडा काही वाचत नही."

त्यांचं खरं प्रेम डावाच्या शेवटावर. वजीर गेलेले, पट रिकामा झालेला, चार-सहा मोहरी उरलेली. इतरांना तिथे कंटाळा येई, आबांची तिथे सुरुवात होई. अशा स्थिती ते जुन्या ड्युटी-चार्टच्या कोऱ्या बाजूवर काढत. काळ्या मोहऱ्यांना निळी पेन्सिल, पांढऱ्यांना लाल. कडेला घरं ओळखायची अक्षरं नाहीत, आकडे नाहीत. आणि चित्रही हरणाऱ्याच्या बाजूने. ज्याला हरण्यापासून वाचायचं आहे त्याची बाजू खाली. हा कागद दुमडून ते जळगावच्या गाडीच्या कंडक्टरकडे देत. मी जळगावला तंत्रनिकेतनात शिकवत होतो. कंडक्टर फाटकातूनच ओरडे, "सर, आबांचं अवघड दुखणं आलंय!"

नव्वदच्या आसपास आमच्या प्रयोगशाळेत संगणक आला आणि त्यापाठोपाठ कुणाकडून तरी बुद्धिबळाची फ्लॉपी. मी आबांना बोलावलं. साप्ताहिक सुटीला ते आले, दाराशी चपला काढल्या आणि वातानुकूलित खोलीत थंडीने खांदे आक्रसून बसले. पहिलीच स्थिती त्यांनी अशी दिली की पांढऱ्याकडे उंट आणि अगदी कडेच्या पट्टीतलं प्यादं, समोर काळा राजा एकटा कोपऱ्यात. उंट नेमका त्या कोपऱ्याच्या रंगाचा नाही, त्यामुळे राजाला तिथून कुणी हलवू शकत नाही. जाणकाराला ही बरोबरी माहीत असते. यंत्र मात्र पांढरा जिंकतोय असं सांगत बसलं आणि उंट इकडून तिकडे फिरवू लागलं. आबा इतके हसले की बाहेरचा शिपाई आत डोकावला. "हाऊ तर वकील शे, सर! जिकणार म्हणतो अन् तारखा वाढवतो."

त्यानंतर दोन-तीन वर्षं आम्ही यंत्राची परीक्षा घेतली. आबा स्थिती पाठवत, मी ती भरून यंत्राला तासन्‌तास विचार करायला लावी. कुठे ते फसलं, कुठे नाही, हे मी लिहून परत पाठवी. आबा त्याच्या चुकांवर टपलेले नव्हते. एकदा त्यांनी बरोबरी म्हणून पाठवलेल्या स्थितीत यंत्राने हत्तीची एक शांत चाल शोधून विजय काढला. पुढच्या खेपेला तोच कागद परत आला, त्यावर आबांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं, "मी चुकलो. यंत्राने शिकवले. चाल सुंदर." तालुक्याच्या स्टँडवर बसलेला, मॅट्रिकपर्यंत शिकलेला हा माणूस यंत्राला विद्यार्थ्यासारखा तपासत होता आणि गुरूसारखा मान देत होता. मी पुढे पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली, पण तपासण्याची ही रीत कुणाकडे दिसली नाही.

आता धुळ्याच्या डावाचं सांगतो. त्यासाठीच लिहायला बसलो आहे.

संगणक येण्याच्या काही वर्षं आधी धुळ्याला निवड स्पर्धा झाली होती. शेवटच्या फेरीत आबा काळ्याकडून खेळत होते, समोर धुळ्याचे एक कापडवाले शेठ. आबांना बरोबरी पुरेशी होती. अर्धा गुण मिळाला की राज्य स्पर्धेला आबा जाणार. शेठकडे दोन प्यादी जास्त होती, पण दोघांचे उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांवरचे, आणि आबांचा राजा प्याद्यांच्या वाटेत ठाण मांडून बसलेला; अशा वेळी जास्तीची प्यादी सहसा पुढे सरकू शकत नाहीत. आबांनी बरोबरी मागितली, शेठ नाही म्हणाले. इतक्यात सभागृह रिकामं करायची वेळ झाली, दुसऱ्या कार्यक्रमाचे लोक खुर्च्या घेऊन दारात उभे. मग त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे पंचांनी पट पाहून निकाल दिला. पाहिला म्हणजे मोहरी मोजली. दोन प्यादी जास्त म्हणून शेठ विजयी झाले आणि राज्य स्पर्धेला शेठ गेले.

आबा भांडले नाहीत. पण दरवर्षी धुळ्याच्या स्पर्धेत शेठ भेटले की विचारत, "काय आबा, अजून बरोबरीच का?" आणि आबा म्हणत, "बरोबरीच शे, शेठ. तुम्ही काय खाऊन आले तरी बरोबरीच शे." सगळे हसत. होता होता ती एक गंमतच झाली. आबांना ती गंमत वाटत नव्हती, हे मला ठाऊक होतं.

एके वर्षी शेठच म्हणाले, "सरांच्या यंत्राला विचारा ना! होऊन जाऊ दे." आबांनी मान डोलावली. पुढच्या आठवड्यात कंडक्टरने कागद आणून दिला. मी स्थिती भरली, पडद्यावरचं चित्र आणि कागदावरचं चित्र ताडून पाहिलं. हुबेहूब. यंत्र दिवसभर चालू ठेवलं. संध्याकाळी आकडा आला. पांढरा सात प्याद्यांइतका वरचढ.

धुळ्याच्या त्या स्पर्धेचा बक्षीस समारंभ पंधरा दिवसांनी होता; तिथे मी तो आकडा व्यासपीठावरून वाचून दाखवला. शेठनी कागद माझ्या हातातून घेऊन कपाळाला लावला. हशा झाला. आबा मागच्या रांगेत उठून उभे राहिले. "सर, चाली दाखवा."

चाली मी पाहिल्याच नव्हत्या. पण माइक हातात होता आणि सभागृह माझ्याकडे बघत होतं. "आबा," मी म्हणालो, "यंत्र खोटं बोलत नाही."

"यंत्र नही बोलत," आबा म्हणाले आणि खाली बसले.

आठवड्याभराने एका मासिकासाठी लेख लिहायला मी त्या चाली पटावर मांडू लागलो. पहिलीच चाल खेळलो आणि हात थांबला. यंत्राने प्यादं आबांच्या राजापासून दूर नेलं होतं. त्या डावात वाचायचं काळ्याला होतं, म्हणून आबांच्या चित्रात काळा खाली होता. एरवी मी हे ध्यानात ठेवी, या वेळी पुस्तकी सवयीने पांढरा खाली धरला. चित्र तेच, पण प्याद्यांची दिशा उलटी. जो राजा प्याद्यांच्या वाटेत होता, तो मी त्यांच्या मागे टाकला होता.

स्थिती सुलटी भरली. यंत्राने पांढरा दोन प्याद्यांनी वरचढ असल्याचं सांगितलं आणि मग पन्नास चाली उंट फिरवत राहिलं. जिंकता आलं नाही. आबा बरोबर होते. पंचांपेक्षा आणि माझ्यापेक्षा तर होतेच, पण यंत्रालाही जे कळत नव्हतं ते त्यांना पटाशी बसल्या बसल्या कळलं होतं.

हे मी कुणाला सांगितलं नाही. स्थानिक वर्तमानपत्रात माझा संगणकाबरोबर फोटो आला होता, धुळ्याच्या बुद्धिबळ संघटनेने मला सल्लागार नेमलं होतं. पुढच्या महिन्यात सांगू, असं म्हणत राहिलो.

आबांचे कागद मात्र येतच राहिले. एकच फरक पडला. आता प्रत्येक चित्राखाली लिहिलेलं असे, "खाली काळा" किंवा "खाली पांढरा." मी ते वाचून न वाचल्यासारखं करी.

आबा निवृत्त झाले, आजारी पडले, तेव्हा मी चोपड्याला गेलो. अंगणात खाटेवर पडले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, "सुलटं भरल्यावर त्यानं उंट कुठं कुठं नेला?" आठवेल तेवढं मी सांगत गेलो. डोळे मिटून ते ऐकत होते, पांघरुणावर बोटं हलत होती. ऐकून झाल्यावर चेहरा असा उजळला की आजार विसरायला झालं.

"मले तवाच समजलं होतं," ते म्हणाले. "दोन प्यादी जास्त, मग सात कसे? म्हणजे प्यादं वजीर होऊ राहिलं. अन् मना राजा वाटेत असताना ते होणार कसं? सरांनी पट उलटा धरला."

फक्त एका आकड्यावरून. भर सभेत, हशा चालू असताना.

"मग तेव्हाच बोलला का नाही, आबा?"

"मी बोललो असतो तर हारणाऱ्याची कुरकुर झाली असती. तुम्ही सांगाल म्हणून थांबलो." मग म्हणाले, "मले सांगून काय उपेग, सर? मले तर माहीतच शे. धुळ्याले सांगा."

हो म्हणालो. त्या वर्षी धुळ्याला गेलोही. आयोजकांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, मी बुद्धिबळ आणि विज्ञान यावर बोललो आणि परत आलो. पुढच्या स्पर्धेआधी आबा गेले. काही वर्षांनी शेठही गेले. संघटनेच्या जुन्या पुस्तिकेत तो डाव अजून शेठच्या नावावर आहे, आणि त्याला यंत्राची साक्ष म्हणून माझं नाव जोडलेलं आहे.

ते आज मी खोडतो. ज्यांच्या घरी पट असेल त्यांनी मांडून पाहावं. पांढरा राजा डी-चार, उंट बी-तीन, प्यादी डी-पाच आणि ई-पाच. काळा राजा ई-सात, उंट सी-सात. चाल पांढऱ्याची. काळ्याकडून खेळणारे, चोपडा स्टँडचे कंट्रोलर आबा. निकाल, बरोबरी.