मामांच्या आधी प्यायलेलं पाणी

निगडीहून निघोज्याला जायचं तर आता रिक्षाही मिळते. मी मात्र तिथे पहिल्यांदा गेलो तो सत्तरच्या दशकात, मामांची मोटार चालवत आणि जीव मुठीत धरून.

इंग्रजांच्या अमदानीत मामांची सावकारी पेढी होती. स्वातंत्र्यानंतर पेढी आवरून ते राजकारणात शिरले, शहराचे महापौर झाले आणि आता आमदारकीला उभे होते. कंपनीतली माझी नोकरी त्यांच्याच शब्दावर लागलेली. त्यांचा ड्रायव्हर आजारी पडल्यावर नाही म्हणायची माझी काय टाप!

मोशीपर्यंत रस्ता बरा होता. चाकणला कांद्याच्या गाड्यांत अडकलो, म्हणून मिसळ खाऊन घेतली. झणझणीत आणि स्वस्त. त्या बाजूला गेलात तर चुकवू नका. मामांनी घासही घेतला नाही. निघोज्यातल्या एका घराची दारंसुद्धा आपण जप्तीत उचलून नेली होती, हे त्यांनी तिथे सांगितलं. कर्जदाराच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा त्यांच्या पेढीचा नियम. आज मात्र पाणी नाकारलं तर मतं गेली.

पुढे नुसता फुफाटा. चावडीपाशी गाव जमलं होतं. कुणी ओरडत नव्हतं, त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. माणसं गाडीभोवती सरकत आली. दारं गेलेल्या त्याच घरातली अनसूयाबाई तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन पुढे झाली. शहरात मामांना सगळे महापौरसाहेब म्हणत.

"घ्या सावकार," ती म्हणाली, "लांबून आलाय."

मामांनी तांब्या घेतला, आत निरखून पाहिलं. तो त्यांनी माझ्याकडे सरकवला.

"तू आधी पी."

त्यांच्या मनात विषाची शंका आली, हे मला कळलं, म्हातारीलाही कळलं. नोकरी आठवली, आई आठवली. डोळे मिटून घोट घेतला. साधं विहिरीचं पाणी होतं.

आता मामांनी हात पुढे केला, पण तिनं तांब्या माझ्याकडून काढून घेतला.

"इख घालायचं आसतं तर दारं नेली तवाच घातलं आसतं," ती म्हणाली. "आता ऱ्हाऊ द्या."

परत येताना हे घरी बोलू नकोस, एवढंच मामा म्हणाले. ते निवडून आले. निघोज्याची मतं तेवढी मिळाली नाहीत.

घरी आईनं पाणी पुढे केलं. घसा कोरडा पडला होता, तरी मी पेला धरून बसलो. जिभेवर शब्द आले होते, "तू आधी पी." मी ते गिळले. पण आजही अनोळखी घरी पाणी आलं की मी आधी दुसरं कुणी पितंय का ते बघतो.