पाण्याखालची फळी

खानदेशात पाण्याची काळजी कोण करत नाही? पण पाण्याखालच्या फळीची काळजी करणारा माणूस अख्ख्या धुळे-जळगावात एकच, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या अक्कांचे, हे यजमान; सगळे त्यांना भाऊ म्हणतात. राहतात धुळ्यात, देवपूरला. तीस वर्षं गोदीत सुतारकी केली आणि निवृत्त होऊन गावी आले ते ट्रकवर एक छोटी शिडाची होडी घालूनच. जिथे पांझरा वर्षातले बरेच महिने चपला हातात घेऊन ओलांडता येते, तिथे होडी आणणाऱ्याला लोक काय म्हणाले असतील ते सांगायला नको. भाऊंनी ती नकाण्याच्या तलावावर नेऊन ठेवली आणि जो भेटेल त्याला फळी समजावून सांगायला सुरुवात केली.

ही फळी होडीच्या पोटातल्या अरुंद पेटीतून खाली पाण्यात उतरते, दोरीने वर-खाली होते. ती खाली असली की बाजूच्या वाऱ्यातही होडी सरळ चालते; वर राहिली की आडवी सरकत जाते. हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत विचारलं तरी सांगेन. मी जळगावहून गेलो की आधी फळी, मग चहा. एकदा शेजारच्या मुलीला बघायला आलेले पाहुणे चुकून यांच्या दारात शिरले. भाऊंनी त्यांना प्रेमाने बसवलं आणि अर्धा तास फळी दाखवली. शेवटी मुलाच्या वडिलांनी भीत भीत "मुलगी बाहेर येईल ना?" असं विचारलं, तेव्हा कुठे खुलासा झाला.

या वेडाच्या मुळाशी एक रविवार आहे. होडी आणली त्याच वर्षी भाऊंनी अक्कांना मोठ्या थाटात तलावात नेलं. फळी पाण्याने फुगून पेटीत अडकली होती, हे मध्यावर गेल्यावर कळलं. वारा आला आणि होडी खेकड्यासारखी आडवी निघाली ती थेट पलीकडच्या बाभळीत. साडी काट्यांत, होडी चिखलात, आणि सहलीला आलेली अख्खी गल्ली काठावर टाळ्या वाजवतेय. अक्कांनी शांतपणे पदर सोडवला, "आते तुमनी होडीमा मी बठाव नही," एवढंच म्हणाल्या आणि चिखल तुडवत रस्त्याला लागल्या. तेव्हापासून भाऊंना एकच ध्यास. अक्कांनी पुन्हा एकदा होडीत बसावं. अक्कांना ते कधी बोलले नाहीत. मला मात्र बसस्टँडवर कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "साडूभाऊ, ती माझ्यावर रागावलेली नाही, फळीवर रागावलीय. फळी ठीक झाली की बसेल."

मग काय, फळी ठीक होऊ लागली, ती वर्षानुवर्षं होतच राहिली. प्रत्येक फेरीनंतर फळी पेटीत अडकवणारा बोल्ट काढायचा, फळी टॉवेलात गुंडाळायची आणि रिक्षातून घरी आणायची. उन्हात ठेवली तर वाकेल म्हणून तिची जागा पलंगाखाली. मे महिन्यात घरातल्या एकुलत्या एक कूलरचं तोंडही पलंगाखाली. वर अक्का वर्तमानपत्राने वारा घेत बसलेल्या. बोल्टाचं भोक झिजून लंबगोल झालं तेव्हा त्यात बसवायची पितळी नळी त्यांनी लेथवाल्याकडून तीनदा करून घेतली. चौथ्यांदा त्यांना येताना बघून त्याने शटर ओढून घेतलं. पेटीत अडकलेले खडे काढायला घरातली उलथनी जात, ती वाकडी होऊन परत येत. फळीच्या कडा मात्र त्यांनी घासून घासून अशा केल्या होत्या की बोट ठेवलं तर घसरावं.

हा गुळगुळीतपणाच एकदा नडला. गल्लीतल्या बायका अक्कांकडे उडदाचे पापड लाटायला जमल्या होत्या. पोळपाट कमी पडले. अक्कांनी पलंगाखालून फळी ओढली, तेलाचा हात फिरवला आणि चौघी ओळीने बसल्या. "अक्का, तुमना पाट कितला गुळगुळीत शे!" असं कौतुकही झालं. भाऊ बाजारातून आले तेव्हा त्यांची फळी घरातलं आठ दिवसांचं तेल पिऊन तुकतुकत होती. तेल प्यायलेल्या लाकडावर रंग धरत नाही, आणि बिनरंगाची फळी पाण्यात पुन्हा फुगणार. हंगाम गेलाच म्हणायचा. मी तेव्हा तिथेच होतो; मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. भाऊंनी एक पापड उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, "पातळ जमलेत."

त्यानंतर दोन महिने ते ओसरीवर बसून तेल खरवडत होते. सोड्याचं पाणी, पॉलिशपेपर, पुन्हा सोडा. अक्का दारातून बघायच्या. एके दिवशी चहा ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "यंदा मी बठसू होडीमा." भाऊंच्या हातातला पॉलिशपेपर तसाच राहिला. त्याच दिवशी त्यांनी मला फोन केला आणि ही एवढीच बातमी चार वेळा सांगितली.

पावसाने यंदा तलाव भरला होता. ऑक्टोबरातल्या एका रविवारी मी काठावर पिशव्या सांभाळत उभा होतो. अक्का हात धरून होडीत बसल्या. शीड लागलं, फळी दोरीबरोबर सुळकन खाली गेली. मलाही ते ऐकू आलं. होडी मध्यावर पोचली आणि वारा पडला. पडला म्हणजे असा, की शिडाचा कोपराही हलेना. निवांत पाण्यावरून दोघांचा शब्द न् शब्द माझ्यापर्यंत येत होता.

"फळी खाले शे ना?" अक्कांनी विचारलं.

"शे."

"मंग होडी चाली का नही राहिनी?"

"वाराच नही."

इतक्या वर्षांची मेहनत पाण्याखाली सरळ उभी होती आणि तिचा काडीचा उपयोग नव्हता. आता अक्का काय बोलतात म्हणून मी कान देऊन होतो. फडक्यातली भाकरी त्यांनी काढली, अर्धी भाऊंना दिली. तासभर दोघं तिथेच बसून होते. शेवटी भाऊ वल्हं मारत परत आले तेव्हा त्यांचा चेहरा नापास झालेल्या पोराचा होता. मान वर करून माझ्याकडे बघेनात.

अक्का काठावर उतरल्या. पदर खोचला, वळून एकदा पाण्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पुढला आइतवारले वारा राही का?"

फळीवर तासन् तास बोलणाऱ्या भाऊंनी बोट ओलं करून हवेत धरलं. गुडघाभर पाण्यात होडीची दोरी धरून ते वाऱ्याचा अंदाज घेऊ लागले. मी उगीचच पिशव्या मोजायला लागलो.