दोन सिस्टिम आणि एक ‘हाव’
कॉम्प्युटरवर विंडोज नव्यानं टाकून जोडीला लिनक्स बसवायला लातूरच्या आमच्या घरी आलेला तो माणूस स्क्रीनवरचा एकही प्रश्न वाचत नव्हता. एका हातात चहाची बशी, दुसऱ्या हातानं ‘होय’वर टिचकी. मी वैतागलो, “अहो, वाचा तरी!”

“लई इचारतंय सर ते. हाव म्हणल्याबिगर पुढं सरकतच न्हाई.”

तासाभरात दोन्ही सिस्टिम झकास सुरू झाल्या. जुनं मात्र सगळं पुसलं गेलं, वारलेल्या आईच्या फोटोंसकट. मी तोंडाला येईल ते बोललो.

तो गेल्यावर आठवलं. आल्या आल्याच त्यानं विचारलं होतं, “फोटो-बिटो दुसरीकडं काढून ठिवलेत ना सर?”

पेपरातून मान वर न करता मी म्हणालो होतो, “हाव.”