पुरुष नसलेल्या जगातलं हळदीकुंकू

माझी नात चित्रांची गोष्ट काढते. कॉमिक म्हणतात त्याला. एका चौकोनात एक चित्र आणि वर फुग्यात बोलणं. आमच्या वेळी पोट्टे अशी पुस्तकं भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचत. हिचं सगळं टॅबवर, काचेवर पेनानं रेघा ओढून. एक भाग झाला की मोबाइलवर टाकते आणि कुठकुठच्या पोरी तो वाचतात.

गोष्ट अशी आहे, की एका उन्हाळ्यात कसलासा ताप येतो आणि आठ दिवसांत जगातले सगळे पुरुष मरतात. म्हातारे, तरणे, पाळण्यातले, कोणी म्हणून उरत नाही. मागं राहतात त्या बायका. आणि हे घडतं कुठं, तर इथंच, आपल्या अमरावतीत.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिला हातच जोडले.

"अवं, असं अभद्र काहून काढून राहिली? भिंतीवर आधीच दोन फोटो आहेत."

"म्हणूनच तर, आजी. आपल्या घरात कोण पुरुष आहे? मी आपलंच घर मोठं करून काढलं."

खरंच होतं. घरात आम्ही तिघी. मी, माझी सून आणि ही नात. मुलगा बारा वर्षांपूर्वी गेला, नोकरीवर असतानाच, छातीत कळ येऊन. त्याच्या जागेवर सुनेला अकोल्याला नोकरी लागली. तेव्हापासून ती रोज बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरते आणि दिवेलागणीला परत येते. त्यांना, म्हणजे नातीच्या आजोबांना, जाऊन तीन वर्षं झाली.

माझ्या डोळ्यांना ते फुग्यातलं बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून दुपारी नात मला वाचून दाखवायची. आणि खरं सांगते, मला गोडी लागली. तिच्या गोष्टीत वायरमनच उरला नाही म्हणून गावाची लाइट जाते, तर एक पोरगी साडीचा कासोटा मारून डीपीवर चढते. बडनेऱ्याला इंजिन उभं असतं. रेल्वेतल्या लोकांच्या बायका जमतात. नवरा जेवताना काय काय बडबडायचा ते आठवून आठवून कोणता दांडा ओढायचा ते ठरवतात, आणि माणसाच्या चालीनं गाडी अकोल्यापर्यंत नेतात. तिथं दाल मिल सुरू करतात. वरूडच्या बायका संत्र्याच्या पेट्या आणतात. सेमाडोहच्या बायका येऊन शिकवतात, जंगलातला कोणता कंद खायचा आणि कोणत्याला हात लावायचा नाही.

"अन् गॅसचं सिलेंडर कोण उचलेल?" मी विचारलं.

"आता कोण उचलते?"

"तुयी माय."

"मग?"

मीही मग सल्ले द्यायला लागले. म्हटलं, चाळीस बायकांच्या वरणाला एवढीशी डाळ दाखवली तू, कोणाच्या दाताला लागेल ती? तिनं पोतं मोठं केलं. शेजारणींना मी सांगत फिरायची, की नातीच्या गोष्टीत माझाही हात आहे. हात होताच. कसा, ते पुढं कळलं.

बाराव्या भागात त्या बायका कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगमध्ये राहायला येतात. संक्रांत जवळ येते. कोणीतरी तीळ शोधून आणते, कोणाजवळ गूळ निघतो. ठरतं, हळदीकुंकू करू. तर त्यांच्यातली एक म्हातारी उठते आणि ताट आपल्या हातात घेते. एक पोरगी विचारते, "आजी, आता तर कोणाचाच नवरा राहिला नाही. कुंकू लावणार कोणाला?"

म्हातारी म्हणते, "ताप यायच्या आधी ज्यांचे जिवंत होते, त्या सवाष्णी. ज्यांचे त्याच्याही आधी गेले, त्यांनी आत बसावं."

मी हसले. काय हसले म्हणून सांगू, डोळ्यांतून पाणी आलं. "काय म्हातारी काढली वं! जग बुडालं, पण हिचा नियम काही बुडाला नाही!"

नात हसली नाही. तिनं पुढचा चौकोन बोटांनी ताणून मोठा केला आणि टॅब माझ्या मांडीवर ठेवला. त्यात एक लहान पोरगी होती, बोटाला कुंकू लागलेली. आतल्या दाराशी तिची आई उभी, कपाळ मोकळं. पोरगी आईकडे निघाली आहे आणि म्हातारीनं तिचं मनगट धरलं आहे. मनगटावरचा तो हात मोठा काढला होता. त्याची करंगळी वाकडी होती, बाहेरच्या बाजूला.

माझी करंगळी वाकडी आहे. लहानपणी दारात सापडली होती, तेव्हापासून. मी टॅबकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे पाहिलं, आणि हात पदराखाली घेतला.

"हे कधी झालं?" मी विचारलं.

"पप्पांचं वर्षश्राद्ध झाल्यावरची संक्रांत. तू मम्मीले म्हटलं, आत तिळगुळाचे डबे भर. मी मम्मीले कुंकू लावाले चालली होती. तू हात धरला. म्हणाली, 'तिले नाही लावत आता.' अन् माझं बोट पुसलं, तुया हिरव्या लुगड्याच्या पदराले."

मी आठवून पाहिलं. ती संक्रांत आठवली. त्या वर्षी वाण म्हणून चहाच्या गाळण्या दिल्या होत्या. कोण कोण आल्या, कोणी कोणता उखाणा घेतला, तेही आठवलं. सुनेला आत बसवलं, ते आठवलं. हळूच सांगितलं होतं, लोकांसमोर अपमान नको म्हणून. त्या वेळी मला वाटलं होतं, किती समजूतदार सासू आहे मी! पण पोरीचं बोट पुसलं, ते काही केल्या आठवेना. आठ वर्षांच्या पोरीनं ते अकरा वर्षं जपून ठेवलं, आणि मला त्याची सय नाही.

आता पुढचं लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते. हे गेले तेव्हा दहाव्या दिवशी बायका आल्या होत्या, माझं कुंकू पुसायला, बांगड्या काढायला. तर सून दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "माझ्या सासूच्या कपाळाले कोणी हात लावायचा नाही." बायका बडबडत गेल्या. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून आले, तर तिनं टिकलीचं पाकीट पुढं केलं. "आई, लावा. चेहरा ओळखू येत नाही तुमचा." मी लावली. आजपर्यंत लावते. आणि लावताना एकदाही माझ्या मनात आलं नाही, की या बाईच्या कपाळाचं मी काय केलं होतं. ती ऑफिसला जायला लागली आणि बारीक काळी टिकली लावायला लागली, तेव्हा मी शेजारणीला म्हटलं होतं, "लावू द्या, चार लोकांत जावं लागते तिले." जशी काही मी परवानगी देत होते.

एवढं सगळं डोळ्यांसमोर आलं, आणि तोंडातून काय निघालं माहीत आहे?

"हे पान काढून टाक. लोक वाचतील."

नातीनं मानेनंच नाही म्हटलं.

"बरं, नाही काढत तर करंगळी तरी सरळ कर."

"करते," ती म्हणाली. "मम्मीनं म्हटलं तर करते. तिनं अजून पाहिलं नाही. रविवारी टाकणार आहे हा भाग. त्याच्या आधी तूच दाखव तिले."

रविवारपर्यंत मी नीट जेवले नाही. सून विचारायची, "तब्येत बरी नाही का, आई?" मी म्हणायची, पित्त झालं.

रविवारी सकाळी ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी टॅब घेऊन गेले. मला धड धरताही येईना. दोनदा काच काळी झाली, तिनंच बोट लावून उजळली. मग पाहत राहिली. हातातली शेंग तशीच राहिली.

"नाक बरोबर काढलं पोरीनं तुमचं," ती म्हणाली.

मी म्हटलं, "मले आठवतच नव्हतं वं."

"मले आठवते. डबे कधीचेच भरून झाले होते, आई. मी दारातच उभी होती."

"चुकलं माझं."

ती पुन्हा शेंगा सोलायला लागली. चार-पाच सोलल्या असतील. "तवा म्हटलं असतं..." म्हणाली आणि वाक्य तिथंच सोडलं. मी वाट पाहिली. ते काही पुरं झालं नाही.

मग मी विचारलं, "पान काढाले सांगू का तिले?" तेव्हाही मला माझ्याच करंगळीची पडली होती.

"राहू द्या. करंगळीही राहू द्या." आणि आत हाक मारली, "अवं, पुढच्या भागात या म्हातारीचं काय करणार आहे तू?"

नात दारात आली. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "थंडीनं मरते ती."

"मारू नको. आत बसव तिले. डबे भरू दे. बाहेर साऱ्याजणी कुंकू लावून राहिल्या, हसून राहिल्या, अन् हिले आत सारं ऐकू येऊन राहिलं, असं काढ."

थंडीनं मेलेलं सोपं होतं, असं मला वाटलं. मी खाली पडलेली टरफलं गोळा करत बसले.

पुढचा भाग मागच्या आठवड्यात आला. तो मी नातीकडून वाचून घेतला नाही, भिंग लावून स्वतः वाचला. खाली पोरींनी खूप काही लिहिलं आहे. एकीनं लिहिलं, अशी म्हातारी आमच्याही घरी आहे. चित्रात म्हातारी आत बसून डबे भरते आहे. तिच्या डोक्यावर फुगा काढला आहे, पण त्यात एक अक्षर नाही. शेवटच्या चौकोनात दाराच्या बाजूनं तिच्यावर कोणाची तरी सावली पडली आहे.

मी नातीला विचारलं, "कोण आहे वं ही, दारात?"

"ठरलं नाही अजून. मम्मी सांगेल तसं."

सून रोज अकोल्याहून येते, हातपाय धुते, माझ्याजवळ बसून चहा घेते. ट्रेनमधल्या बायकांच्या गोष्टी सांगते, मी हसते. सावलीचं मी तिला विचारत नाही.