अंगठीतला दोरा

कारंजा गावात सराफांच्या दागिन्यांचे फोटो काढणारा एक माणूस आहे. थर्माकोलच्या खोक्यात पांढरा कागद लावतो, पंखा बंद करतो आणि दागिन्याला दटावतो, "हालू नको माय, झालंच." फोटो घेताना श्वास रोखून धरतो. कुठलीही वस्तू पुसण्याआधी आली तशी तिचा एक फोटो घेतोच. का, ते सांगत नाही.

आई गेल्यावर तिची अंगठी विकायला काढली, तेव्हा मी त्याच्याकडे गेलो. शेवटच्या दिवसांत बोटं वाळून अंगठी सैल झाली म्हणून आईने तिला आतून दोरा गुंडाळला होता. पहिला फोटो काढून त्याने विचारलं, "दोरा राहू द्याचा का, भाऊ?"

"कापून टाक. गिऱ्हाईकाले जुनी दिसन. अन् तो फोटोही मिटव."

त्याने फोटो मिटवला, पण कात्री माझ्यापुढे सरकवली. "हे तुमीच करा. मले नाई जमत."

मी दोरा कापला. कागदावर पडलेले तुकडे फुंकर मारून उडवले.

अंगठी त्याच आठवड्यात विकली गेली. परवा त्याच्याकडे जाऊन तो पहिला फोटो मागितला. तो बराच वेळ मोबाईलमध्ये शोधत राहिला. मी श्वास रोखून उभा होतो.

"तुमीच मिटवाले लावला होता ना, भाऊ," तो हळूच म्हणाला.