उन्हावर बंदी घालणारे ठरावसाहेब

ठरावसाहेबांना शिंक आली तरी सूचक आणि अनुमोदक लागत असे. ते आमच्या गावचे ग्रामसेवक. मी त्याच ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसते. गावात भटकी कुत्री वाढली, तेव्हा ‘कुत्र्यांनी शाळेसमोर भुंकू नये’ असा ठराव त्यांनी सर्वानुमते मंजूर करून घेतला होता. कुत्र्यांना तो कुणी वाचून दाखवला नाही, एवढीच कसर राहिली.

वरून आलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर, हा त्यांचा दुसरा नेम. “ताई, कागद अन् पाव्हणा ताटकळत ठिवू न्हाई,” म्हणायचे. एका मार्चमध्ये पत्र आलं : हवामान बदलाचा आराखडा करा, तापमानवाढीबाबत गावाने काय केलं ते कळवा. साहेबांनी लगोलग ग्रामसभा बोलावली आणि ठराव मांडला, ‘गावाच्या हद्दीत तापमान वाढू देऊ नये.’ हात वर होणार, एवढ्यात सखूमावशी उठल्या. त्यांची शिजवलेली हळद खळ्यावर पडली होती.

“ऊन बंद केल्यावर मपली हळद काय चुलीवर वाळवू?”

झालं! सगळे हळदवाले मावशींच्या बाजूनं. तासभर भांडून दुरुस्ती झाली, ‘हळद वाळेपर्यंत सूट राहील.’ मी तोंडात पदर कोंबून टाईप केलं.

तालुक्याहून उलट विचारणा आली, ‘ठरावाची अंमलबजावणी कशी केली?’ दुसरा कुणी ओशाळला असता. साहेबांनी जवळा बाजार गावातल्या दुकानातून तापमापक आणला आणि गावभर मोजत फिरले. मीही वही घेऊन मागे. सगळ्यात वर पारा चढला तो अंगणवाडीत, पत्र्याखाली. तिथं माझी चिमीही बसायची. त्याच आठवड्यात तिला दोनदा भोवळ आली होती. साहेबांनी पोरांची लाल तोंडं पाहिली आणि तापमापक खिशात घातला.

मग म्हणाले, “ताई, आराखड्यात लिवा. अंगणवाडी पंचायतीत, पंचायत अंगणवाडीत.” आमच्या कार्यालयाला स्लॅब होता.

सरपंच खवळले. “मी पत्र्याखाली बसू? काहून?”

“खुर्चीला घाम येत न्हाई सरपंच. लेकराला येतो.”

त्या दिवशी साहेब कुठल्या अनुमोदकासाठी थांबले नाहीत. दप्तराच्या कपाटाला स्वतःच खांदा लावला. पुढे डोक्यावर ओला टॉवेल ठेवून ते पत्र्याखाली काम करत. टॉवेलातून पाणी ठिबकून इतिवृत्ताची शाई पसरायची. सरपंच बरेच दिवस बाहेर लिंबाखाली बसूनच सह्या करत.

मे महिन्यात साहेबांची बदली झाली. निरोप घ्यायला ते दुपारी जुन्या कार्यालयात आले. खिचडी खाऊन पोरं सरपंचांच्या लांब टेबलाखाली झोपली होती, चिमी तोंड उघडं टाकून. मी म्हटलं, “उठवते साहेब, तिला तुमची लई सवय झालीय.”

“नको ताई,” साहेब हळूच म्हणाले. “झोपू द्या. फरशी गार हाय.”

चपला हातात घेऊन, चवड्यांवर चालत ते बाहेर पडले. मी दारात उभी राहून रडले. सांगायला कसली लाज?