गच्चीवरची अँटेना आणि संशय

संगमनेरच्या एका कॉलेजात मी फिजिक्स शिकवतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही गच्चीवर सॅटेलाइटचे सिग्नल पकडणारी अँटेना बसवली. खूप उंचावर विद्युतभारित हवेचा थर असतो, आयनोस्फिअर. त्यातून येताना सिग्नल किती रेंगाळतो ते मोजायचं, एवढंच काम. पण न दिसणारी गोष्ट मोजायला बसलं की भोवती संशय जमतो, आणि संशयातून किस्से.

*

अँटेना पांढरी, घुमटासारखी. स्टाफरूममध्ये बातमी पसरली, प्रिन्सिपॉलांनी कॅमेरा लावलाय. आठवडाभर सगळे पहिल्या तासाला हजर. मी प्रिन्सिपॉलांना विचारलं, "खुलासा करून टाकू का?"

ते म्हणाले, "नको. कॉमर्सच्या बिल्डिंगवर अजून एक बसेल का, ते बघा."

*

माझा जुना विद्यार्थी सॅटेलाइटच्या मशीनवर जमीन मोजतो. सोनईजवळ दोन चुलतभावांचा बांध मोजताना आयनोस्फिअर बिघडलेलं. त्यामुळे दुपारी खूण सकाळच्यापेक्षा वीतभर सरकली.

थोरला म्हणाला, "दुपारी तुमच्यात जेवला, तवाच बांध हलला."

धाकटा म्हणाला, "आन् सकाळी तुमच्यात चहा पिला, त्याचं काय?"

बिचारा आता मोजणीला पाण्याची बाटलीसुद्धा घरून नेतो.

*

संशयात मीही मागे नव्हतो. एका जानेवारीत आलेखावर रोज एक फुगवटा दिसू लागला. पहिल्या दिवशी दहाला, दुसऱ्या दिवशी पावणेअकराच्या पुढे, तिसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमारास. आमचे लॅब अटेंडंट गुंजाळमामा मशीनच्या खोलीत हीटरवर चहा करायचे. मला वाटलं, फुगवटा त्या हीटरमुळेच येतोय आणि पकडलं जाऊ नये म्हणून मामा वेळ बदलतायत.

"सर, मी हीटर हितं लावतच न्हाई आता," मामा म्हणाले. मी ऐकलं नाही. लेखी मेमो दिला. वीस वर्षांच्या नोकरीतला त्यांचा पहिला.

मामांनी खोलीला कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली आणि दिवसभर समोरच्या बाकावर बसून राहिले. फुगवटा आलाच, आणखी उशिरा.

शेवटी ओळखीच्या एका संशोधकाला आलेख पाठवला. त्यांचा फोन आला, "उत्तर ध्रुवावर, तीस किलोमीटर उंचीवरची हवा अचानक तापलीये. अशा वेळी आयनोस्फिअरमधली चंद्राची भरती-ओहोटी वाढते. तुमचा फुगवटा चंद्राच्या वेळेने चाललाय."

मान खाली घालून मामांकडे गेलो, सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी आलेख हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"चांद तर रोजच पाऊन तास उशिरा येतो, सर," ते शांतपणे म्हणाले. "त्याला मेमो कोन देतंय?"